तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस

बेरीज पेंटरांना कुठलाही नंबर नुसता रंगवता यायचा नाही. आधी ते त्याला भागून बघायचे. नव्या गाडीला हार घातलेला, मालक पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा, मालकीण उन्हात ताटकळलेली, आणि हे गृहस्थ टपरीच्या पत्र्यावर खडूने भागाकार मांडतायत. नंबराला कशाकशाने पुरता भाग जातो ते शोधायचं, ते सगळे एकाखाली एक लिहायचे, त्यांची बेरीज करायची आणि मगच ब्रश उचलायचा. कुणी घाई केली तर म्हणायचे, "आकडा कसला हाय ते कळल्याबिगर हात चालत न्हाई माझा." गिऱ्हाईक चिडायचं, पण उठून जायचं नाही, कारण त्यांच्यासारखा गोल, पोट न सुटलेला आठ अख्ख्या मुळशी तालुक्यात कुणाला काढता येत नव्हता.

त्यांची टपरी रिहे खोऱ्याकडे रस्ता वळतो त्या कोपऱ्यावर. शेजारी माझं टेबल. मी नांदे गावचा, गाड्यांच्या नोंदणीची कामं करणारा एजंट. लोकांच्या फायली घेऊन शहरातल्या कचेरीत जायचं, रांगेत उभं राहायचं, नंबर आणायचा आणि गिऱ्हाईक शेजारी सरकवायचं, हा माझा धंदा. अर्ध्या तालुक्याला मी नंबर आणून दिला आणि पेंटरांनी त्या नंबराची लायकी सांगितली. माझ्या वाट्याला पेढे यायचे, त्यांच्या वाट्याला काय यायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांची वर्गवारी सोपी होती. शाळेच्या पुस्तकात मूळ संख्या, संयुक्त संख्या असे शब्द असतात. पेंटर नववीतून बाहेर पडलेले, त्यामुळे त्यांनी आपले घरातलेच शब्द घेतले. बाराला एक, दोन, तीन, चार आणि सहाने भाग जातो. त्यांची बेरीज सोळा, म्हणजे बारापेक्षा जास्त. असा आकडा "उतू गेलेला". दहाचे एक, दोन आणि पाच मिळून आठच भरतात, म्हणून दहा "उणा". ज्याला एकाशिवाय दुसरं कुणी भागत नाही तो "एकटा". आणि बेरीज बरोबर स्वतःइतकीच आली, दाणा कमी नाही की जास्त नाही, तर तो "भरलेला". "लई थोडे असत्यात भरलेले," ते म्हणायचे. "आकड्यांत थोडे अन् माणसांत त्याहून थोडे."

आमच्याकडे जमिनी विकून गाड्या घेण्याचे दिवस आले तेव्हा गाडी कोणती याला कुणी विचारीना, नंबर कोणता याला भाव आला. चारही आकडे सारखे असलेल्या नंबरासाठी लोक इतके पैसे भरत, की तेवढ्यात एखादी जुनी गाडी दारात आली असती. पेंटर त्यांनाही सोडायचे नाहीत. अकराशे अकराला एक, अकरा आणि एकशे एकनेच भाग जातो. "म्हणवतो अकराशे अकरा अन् पदरात एकशे तेरा," असं ते मालकाच्या तोंडावर म्हणाले. एकदा एक पुढारी नुसत्या एक नंबरची गाडी घेऊन आले. मागे चार कार्यकर्ते. पेंटरांनी खडू उचलला आणि परत ठेवला. "साहेब, हा रिकामा हाय. याला सोताबिगर कुणी भागत न्हाई, म्हंजे बेरीज शून्य." कार्यकर्ते पुढे सरकले. पुढारी मात्र हसले आणि म्हणाले, "पेंटर, आमच्या धंद्यात बेरीज करून चालत नाही, भागाकारच करावा लागतो." हे उत्तर पेंटरांना इतकं आवडलं, की त्यांनी त्या पाटीला रंगाचा एक हात जास्त दिला.

आकडा वाकवणं मात्र त्यांना खपायचं नाही. चार-एक-चार-एक नंबर घेऊन पोरं यायची आणि तो "दादा" असा दिसेल असं काढा म्हणायची. पेंटर म्हणायचे, "तुला दादा व्हायचं आसंल तर तू हो. त्या आकड्याला कशाला भरीला घालतुया?" पोरं शहरात जाऊन हवी तशी पाटी करून आणायची, चौकात दंड भरायची आणि महिन्याभरात सरळ पाटी करून घ्यायला परत यायची. तेव्हा पेंटर एक शब्द न बोलता रंगवून द्यायचे.

हा नाद त्यांना एका पाटीपायी लागला. रिहे खोऱ्यात शहरातल्या लोकांची फार्महाऊसं आहेत. त्यांतल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या बंगल्यावर प्लॉट नंबर अठ्ठावीस रंगवायला ते गेले होते. प्राध्यापक झोपाळ्यावरून म्हणाले, अठ्ठावीस ही परिपूर्ण संख्या असते, पण ते तुम्हाला नाही कळायचं. पेंटरांनी आठ दिवसांत ते कळून घेतलं. एक, दोन, चार, सात, चौदा. मग पुढचा भरलेला आकडा शोधायला बसले. पाटीचा रंग वाळेपर्यंत जो वेळ मिळायचा तेवढ्यात शोधायचं, त्यामुळे वर्ष गेलं. चारशे शहाण्णव सापडला त्या दिवशी ते चालत बंगल्यावर सांगायला गेले. प्राध्यापकांनी शाबासकी दिली, पण गेट उघडलं नाही.

पुढे त्यांना रीतच सापडली. एक, दोन, चार, आठ असं दुप्पट करत जायचं आणि बेरीज करत राहायचं. बेरीज एकटी निघाली की तिला शेवटच्या आकड्याने गुणायचं. एक, दोन आणि चार मिळून सात, सात एकटा, सात चोक अठ्ठावीस. या रीतीने ८१२८ आला आणि पेंटरांचा जीव त्यात अडकला. गाड्यांचे नंबर एकपासून नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत ओळीने सुटतात, ती एक सिरीज; ती संपली की नवी सुरू होते. तेवढ्यांत भरलेले चारच: सहा, अठ्ठावीस, चारशे शहाण्णव आणि ८१२८. पहिले तिन्ही त्यांच्या हातून झाले होते. सहा एका ट्रॅक्टरला, अठ्ठावीस एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीला, चारशे शहाण्णव धरणावरच्या एका मासेवाल्याच्या मोटरसायकलला. चौथा काही येईना. येणार कसा? आठ म्हणजे शनी हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ, आणि या नंबराच्या तर पुढच्या दारातही शनी आणि मागच्या दारातही शनी. मला ते सारखे सांगायचे, "एजंट, तो आला तर दुसरीकडं जाऊ देऊ नगं. तेवढा एक माझ्या हातनं झाला की मी सुटलो." मी त्यांना शब्द दिला होता.

त्याच्या पुढचा भरलेला आकडा कुठल्याच गाडीवर मावणारा नव्हता. तरी पेंटर दुप्पट करत राहिले. पाचशे अकरावर त्यांनी आशा ठेवली, त्याला सात लागला. दोन हजार सत्तेचाळीस पक्का एकटा वाटला, त्याला आठवड्याने तेवीस लागला. मग आठ हजार एकशे एक्याण्णव आला. त्याला त्यांनी एकोणनव्वदपर्यंतच्या चोवीसच्या चोवीस एकट्या आकड्यांनी भागून पाहिलं आणि तो एकालाही बधला नाही. त्याला चार हजार शहाण्णवने गुणलं. आले ३३५५०३३६, म्हणजे तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. स्वतःला सोडून याला पंचवीस आकड्यांनी भाग जातो आणि त्या पंचवीसांची बेरीज परत तेवढीच. पेंटरांनी ती तीनदा करून पाहिली आणि मला पेढे दिले. एरवी पेढे गिऱ्हाइकांकडून मला यायचे. त्यांनी विकत आणून दिलेले ते पहिले आणि शेवटचे.

हा आकडा त्यांनी टपरीच्या दर्शनी पत्र्यावर निळ्या रंगात हातभर उंचीचा काढला. खाली नाव नाही, पत्ता नाही. त्या पत्र्याने आमच्या कोपऱ्यावरच्या लोकांची डोकी फिरवली. अर्ध्यांना वाटलं, पेंटरांचा मोबाईल नंबर आहे आणि शेवटचे दोन आकडे जागेअभावी राहिलेत. "पेंटर, फोन लागत न्हाई तुमचा," असं येणारा-जाणारा सांगायचा. उरलेल्यांना तो जमिनीचा भाव वाटला. आमच्या भागात आठ आकडी संख्या म्हणजे जमीन. ती आणखी काही असू शकते यावर कुणाचा विश्वास नाही. शहरातलं एक जोडपं गाडी थांबवून उतरलं आणि हा भाव एकराचा की गुंठ्याचा असं विचारू लागलं. मी पेंटरांकडे बोट दाखवलं. बाईंनी विचारलं, काही कमी होतील का? पेंटर म्हणाले, "एक जरी कमी केला तरी सगळं बिघाडतं, ताई." मालक अडून बसलाय, असं आपापसांत बोलत ते जोडपं निघून गेलं.

एकदाच मी त्यांना चुकताना पाहिलं. सहा, अठ्ठावीस, चारशे शहाण्णव, ८१२८ आणि हा पत्र्यावरचा; यांचे शेवटचे आकडे सहा, आठ, सहा, आठ, सहा असे आळीपाळीने येतात. तेव्हा पुढच्याच्या शेवटी आठ असणार, असं पेंटर छातीठोक सांगायचे. आमच्या घरच्या खोल्यांत आयटीतली पोरं भाड्याने राहतात. त्यांतल्या एकाने मोबाईलवर बघून सांगितलं, "काका, नेक्स्ट वाला भी छह पे ही एंड होता है." तो आकडा दहा आकडी आहे आणि हुबेहूब मोबाईल नंबरासारखा दिसतो, म्हणून मी इथे देत नाही; उगाच कुणाचा तरी फोन वाजायचा. पेंटरांनी तो भागून बघण्यात पुढचे दोन महिने घातले. शेवटी म्हणाले, "पोरगं बरोबर हाय. पाचावरनं सहावा वळखायला गेलो, ही माझी चूक." त्या पोराला ते नंतर दिसेल तिथे नमस्कार करायचे आणि तो बिचारा अवघडायचा.

आता माझ्या मामांकडे यावं लागतं. मामांनी नांद्यातली जमीन विकून पांढरी, उंच गाडी घेतली. फाईल अर्थात माझ्याकडे. कचेरीत गेलो तर नंबर क्रमाने येत येत मामांच्या फाईलवर नेमका ८१२८ येत होता. मी आनंदाने मामांना फोन केला. मामांनी त्यांच्या अंकशास्त्र्याला फोन केला. अंकशास्त्री म्हणाले, दोन्ही टोकांना शनी आणि मध्ये सूर्य-चंद्र कोंडलेले, ही गाडी दाराबाहेर काढू नका. मामांचा परत फोन आला. "न्हाई म्हंजे न्हाई. फाईल मागं घे. पैसे भर, पर बेरीज नऊ येती असला नंबर घे." मी पेंटरांना शब्द दिला होता. पण मामा ते मामा, आणि खोटं कशाला बोलू, मागून घेतलेल्या नंबराच्या कामात मला दोन पैसे जास्त सुटायचे. मी फाईल मागे घेतली. ८१२८ माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणा अनोळखी माणसाला गेला. मामांना ९००९ मिळाला.

पाटी रंगवायला मामा टपरीवर आले. पेंटर खडूने भागत होते तेवढ्यात मामांनी आमच्या गावाकडे विचारतात तसं विचारलं, "आडनाव काय म्हणालासा?"

"म्हणालो न्हाई," पेंटर म्हणाले.

"म्हंजे वस्तीवरलं."

"व्हय. विहाराच्या मागं घर हाय." आणि भागाकार न थांबवता म्हणाले, "मी आकड्याला आडनाव इचारत न्हाई. भागून बघतो. त्याला येळ लागतो जरा."

मामांना एका प्रश्नात पेंटर कळले होते. पेंटरांना ९००९ कळायला दहा मिनिटं लागली. "उणा हाय," ते म्हणाले. "पाचशे सेहेचाळीस कमी पडत्यात."

"पर बेरीज तर नऊ येती," मामा म्हणाले.

"ती तोंडाची बेरीज झाली. पोटाची उणी हाय." मग माझ्याकडे वळून त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "एजंट, सिरीज कुटवर आली?"

"सात हजारांत हाय अजून," मी म्हणालो.

चार दिवसांनी रिह्याचा एक भातवाला शेतकरी नवी जीप घेऊन आला. त्या दिवशी कचेरीत तो माझ्याच सोबत होता. नंबर ८१२९. पेंटरांचा खडू थांबला. "म्हंजे ८१२८ गेला?" त्यांनी विचारलं. शेतकऱ्याने भाबडेपणाने सगळं सांगितलं. "ह्यांच्या मामास्नी लागत हुता. नगं म्हणले. यांनी फाईल काढून घेतली." पेंटरांनी ८१२९ भागायला घेतला. एक, अकरा आणि सातशे एकोणचाळीस. बेरीज सातशे एक्कावन्न. "शेजार बघ कुणाचा, अन् ह्याची गत बघ," ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "ह्याचा काय दोष." तो नंबर त्यांनी इतका देखणा रंगवला की शेतकरी पाटीकडे बघतच राहिला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. पेंटरांनी रोजच्यासारखा माझा चहा माझ्याकडे सरकवला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवडाभराने मी त्यांना म्हटलं, कोऱ्या पाटीवर ८१२८ रंगवा, मी माझ्या टेबलावर लावतो. ते नको म्हणाले. "आपसूक येतो तो नंबर. मागून घेत्यात ती हौस." त्यानंतर सिरीज कुठवर आली हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. रस्त्याने नवी गाडी गेली की तिचा नंबर बघायचे आणि पत्र्याच्या कोपऱ्यात खडूने मांडून ठेवायचे. माझ्याइतकं ते कुणाशीच बोलायचे नाहीत आणि तेवढी एक गोष्ट सोडून सगळं बोलायचे.

पुढे नव्या गाड्यांना साच्यातल्या पाट्या कंपनीतूनच येऊ लागल्या आणि मग जुन्या गाड्यांनाही त्यांची सक्ती झाली. सगळ्यांचे आठ सारखे झाले. पेंटर म्हणाले, "बरं झालं, पोरांचे दादा गेले. माझंबी गेलं, पर ते आसू दे." फार्महाऊसच्या गेटवर कुत्र्यापासून सावध राहायला सांगणाऱ्या पाट्या उरल्या. मालवाहू गाड्यांच्या दोन्ही अंगांना नंबर अजून हातानेच रंगवावा लागतो, तेवढा एक आधार राहिला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन करा म्हटलं की म्हणायचे, आठ अजून दिसतोय.

त्या सुमारास मी एक छोटा टेम्पो घेतला, भाडेकरूंना पाण्याचे जार पोचवायला. मालवाहू गाड्यांची नवी सिरीज नुकती सुरू झाली होती. पुढचा नंबर पैसे भरून राखता येतो. मी खिडकीपाशी ८१२८ मागितला. आतले गृहस्थ म्हणाले, "आठाचा? स्वतःहून? घरी विचारलंय का?" मी म्हणालो, विचारायला उशीर झालाय.

टेम्पो टपरीसमोर उभा केला. समोरची साच्यातली पाटी पेंटरांनी आधी डोळे बारीक करून वाचली, मग बोटं फिरवून वाचली. मग त्यांनी विचारलं, "आपसूक आला, का मागून घेतला?"

खरं सांगितलं असतं तर त्यांनी ब्रश खाली ठेवला असता. "आपसूक," मी म्हणालो.

पेंटरांनी पत्र्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग खडू घेऊन सगळा भागाकार पहिल्यापासून मांडला, जणू हा आकडा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. एक, दोन, चार, आठ करत दोन हजार बत्तीस, चार हजार चौसष्ट. बेरीज केली. "भरला," ते म्हणाले आणि ब्रश उचलला. दोन्ही अंगांना रंगवायला दुपार गेली. शेवटचा आठ त्यांनी एका दमात काढला. मजुरी घेतली नाही. "ह्याची घेत न्हाईत," एवढंच म्हणाले.

भाताच्या काढणीच्या आधी पेंटर गेले. रस्ता रुंद होताना टपरीही गेली. निळ्या आकड्याचा पत्रा मी माझ्या टेबलामागे लावलाय आणि लोक अजून विचारतात, एकराचा की गुंठ्याचा. पुण्यानुमोदनाला विहारात गेलो होतो तेव्हा त्यांच्या पत्नीने पिशवीभर वह्या माझ्या हातात दिल्या. "नुसते आकडेच हायेत, भाऊ. तुमास्नी कळत्याल."

तीस वर्षांत रंगवलेला प्रत्येक नंबर त्यांत होता. पुढे बेरीज, त्यापुढे शेरा. ९००९ पुढे लिहिलं होतं: उणा, मालकास सांगितले, पटले नाही. ८१२९ पुढे: उणा, दोष नाही. मी भराभर पानं उलटून शेवटच्या वहीच्या शेवटच्या ओळीवर आलो. ८१२८. बेरीज ८१२८. शेरा: "भरलेला. दोन्ही अंगांना. सिरीज आज तीन हजारांत आहे. एजंट खोटे बोलला. बरे केले."